पोटातलं तोंडावर

मराठी भाषेने काही काही शब्दांवर अकारण माया केली आहे. 'तारुण्यपीटिका' हा त्यातलाच एक शब्द. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, कण्वमुनींच्या आश्रमात शकुंतलेबरोबर झाडांना पाणी घालणारी ही तिसरी मैत्रीण असावी. अनसूया, प्रियंवदा आणि तारुण्यपीटिका! पुढे कळलं की ती मैत्रीण नसून वैरीण आहे आणि आश्रमात नव्हे, तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर राहायला आली आहे.

बोलीभाषेला इतका नाजूकपणा जमत नाही. ती सरळ 'मुरूम' म्हणून मोकळी होते. हाच शब्द रस्त्याच्या कामावरही चालतो. आधी खडी, मग मुरूम, मग रोलर. १९७६ साली मी दहावीत गेलो तेव्हा माझ्या चेहऱ्याचं काम मुरमापर्यंत येऊन थांबलं होतं. रोलरचा पत्ता नव्हता. कंत्राटदार बहुधा पळून गेला असावा.

आम्ही तेव्हा साताऱ्याला वाड्यात राहत होतो. वाड्यातल्या माणसाला स्वतःचा असा चेहरा नसतो. तो सार्वजनिक असतो. सकाळी नळावर पाणी भरायला उभं राहिलं, की आधी आपला चेहरा सहा बिऱ्हाडांतून तपासून यायचा आणि मग बादली भरायची. माझ्या तोंडावर पहिली पुटकुळी सोमवारी आली. बुधवारपर्यंत तिच्यावर नऊ मतं तयार होती.

काकांचं मत 'उष्णता'. काकांच्या मते जगातले सगळे रोग, सासवा-सुनांची भांडणं आणि महागाईसुद्धा उष्णतेने होते. त्यांनी सब्जा भिजत घालायला सांगितला. वडिलांचं मत 'जागरण'. रात्री अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथा घालून वाचल्या, की रहस्य असं फुटतं. शेजारच्या वहिनींनी शेंगदाण्यांवर ठपका ठेवला. न्हाव्याने न विचारता तुरटी फिरवली. वर्गातल्या एका मित्राने, ज्याच्या स्वतःच्या तोंडावर माझ्या दुप्पट माल होता, त्याने टूथपेस्ट लावायला सांगितली. मी रात्री ती लावून झोपलो. सकाळी पुटकुळी तशीच होती, फक्त तिला लवंगेचा वास येत होता.

सगळ्यात भयंकर निदान मात्र मागच्या खोलीतल्या आजोबांचं. ते नळाच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काही करू नका हो. लग्न झालं की जातात!"

आता मला सांगा, सोळा वर्षांच्या, बीजगणितात काठावर असलेल्या मुलाने या सल्ल्याचं करायचं काय? नळावर नेमकी त्या वेळी समोरच्या बिऱ्हाडातली, माझ्याच वर्गातली मुलगी कळशी घेऊन उभी होती. तिने कळशी अर्धीच भरली आणि ती गेली. मीही गेलो. मी मात्र पुढचे कित्येक दिवस परत नळावर आलो नाही.

आमच्या आजीचं निदान सगळ्यांहून वेगळं आणि एका ओळीचं होतं. "पोट बघा आधी."

आजीच्या वैद्यकशास्त्रात अवयव एकच, पोट. डोकं दुखतंय? पोट साफ नाही. चष्मा लागला? पोट साफ नाही. वडिलांना ऑफिसात बढती मिळाली नाही, तेव्हाही ती म्हणाली होती, "साहेबाचं पोट साफ नसेल." त्यामुळे माझ्या तोंडावरच्या प्रकारासाठी रविवारी सकाळी एरंडेल ठरलं. ज्यांनी एरंडेल घेतलेलं नाही, त्यांना त्याचं वर्णन करून उपयोग नाही. ज्यांनी घेतलं आहे, त्यांना वर्णनाची गरज नाही. असे चार रविवार गेले. पोट इतकं साफ झालं, की त्यात काही उरलं असेल तर भीतीच. तोंडावरचं एक खडीचं पोतंसुद्धा हललं नाही.

त्यातच शाळेचं गॅदरिंग आलं. नाटकात मला राजपुत्राचं काम मिळालं होतं. मिळालं होतं म्हणजे मुरमं येण्याच्या आधी, जूनमध्ये मिळालं होतं. नोव्हेंबरात तालमी सुरू झाल्या तेव्हा सरांनी काही म्हटलं नाही, पण मलाच वाटू लागलं, की प्रेक्षक राजपुत्राची तलवार बघायच्या ऐवजी गाल मोजत बसतील. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, मला ऋषी करा." सरांना वाटलं, मुलगा त्यागी आहे. मला फक्त दाढी हवी होती. कानापासून छातीपर्यंत दाढी असलेली जगात दोनच माणसं, ऋषी आणि अफझलखान. अफझलखान त्या वर्षी नव्हता.

सांगायला आज गंमत वाटते. तेव्हा वाटत नव्हती. मी जेवायला सगळ्यांच्या पंगतीत बसेनासा झालो. 'अभ्यास आहे' म्हणून ताट माडीवर न्यायचो. मधल्या घरातल्या आरशाला वळसा घालून जायचो, आणि त्याच आरशापुढे, कोणी नसताना, दिवसातून दहा वेळा उभा राहायचो. नखाने एकेक फोडायचो. एकाच्या जागी दोन यायच्या. रात्री झोप लागायची नाही. शाळेत जायच्या वेळेला पोटात गोळा यायचा.

एका पहाटे आजीने हाक मारली. ती स्वयंपाकघरात ताक घुसळत बसली होती. मला वाटलं, एरंडेल. पण तिने एक वाटी पुढे केली. ताजं ताक, त्यात मीठ, हिंग आणि जिऱ्याची पूड. मी प्यायलो. ती माझ्याकडे न बघता, रवीकडे बघत म्हणाली, "काय आहे रे तुझ्या पोटात?"

मी म्हणालो, "काही नाही. साफ आहे."

"ते पोट नव्हे," आजी म्हणाली.

मग मी ते सगळं सांगितलं. नळ, लग्न, राजपुत्र, दाढी. रडलोसुद्धा असेन. पुरुषाच्या जातीने असली कबुली पन्नास वर्षांनीच द्यावी. आजीने काहीही उपदेश केला नाही. फक्त त्या दिवशी संध्याकाळी तिने वाड्यात फर्मान काढलं : "आजपासून पोराच्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही आणि बघितलं तर बोलायचं नाही." मागच्या खोलीतल्या आजोबांना तर तिने वेगळं गाठून सांगितलं. काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्यानंतर ते माझ्याशी फक्त पावसापाण्याबद्दल बोलायचे.

रोज पहाटे ताक चालू राहिलं. आणि दोन-अडीच महिन्यांत, दहावीच्या परीक्षेच्या आधी, माझा चेहरा बराच निवळला. पार गेल्या नाहीत. पण मी पुन्हा पंगतीत बसायला लागलो होतो.

ताकाने फरक पडला की फर्मानाने, हे कोडं मला तेव्हापासून आहे. प्रयोगाचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आजीने दोन बदलल्या. शिवाय काळ म्हणून एक तिसरा गडी असतोच. तो काही न करता सगळ्याचं श्रेय घेऊन जातो.

हे सगळं आठवायचं कारण आमची नात. वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी. २०२० साली साथ आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले. पुढे सगळ्यांचे उतरले. हिचा उतरून पुन्हा चढला. आधी आम्हाला वाटलं, धुळीची ॲलर्जी. मग लक्षात आलं, की ती जेवायला बाहेर येत नाही. 'अभ्यास आहे' म्हणून ताट खोलीत नेते. लहानपणापासून गाणं शिकते, आवाज गोड. पण शाळेच्या गॅदरिंगला गाणार नाही म्हणाली. कारण विचारलं तर दार बंद.

मी त्या बंद दाराकडे बघत उभा राहिलो आणि मला हिंगाचा वास आला.

घरात मंडळ बसलं. पन्नास वर्षांत माणसं बदलली, मतं नाहीत. फक्त त्यांची कपडेपालट झाली. उष्णतेला आता 'इन्फ्लमेशन' म्हणतात. सूनबाई म्हणाल्या, "दूध बंद." चिरंजीव म्हणाले, "चॉकलेट बंद." आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मोबाइल बंद." तिघांचं एकमत फक्त 'बंद' या शब्दावर होतं. इतक्यात चिरंजीवांनी एक डबा टेबलावर ठेवला. पोट आतून धुऊन काढणारी पावडर! मी डबा उघडून वास घेतला. एरंडेल नव्हतं. पण किमतीने तेच काम केलं असतं.

निवृत्त माणसाला वेळ असतो. मी या विषयाचं वाचन सुरू केलं आणि थक्क झालो. सुश्रुतसंहितेत या प्रकाराचं नाव 'मुखदूषिका' आहे, आणि तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या या फोडांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचं खोड ज्याने पाहिलंय तो या उपमेला दाद देईल. उपाय म्हणून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा लेप सांगितला आहे, आणि त्याच्या जोडीला वमन! म्हणजे तोंडावरच्या दुखण्यासाठी पोट रिकामं करायची कल्पना आजीच्याही आधीची. मार्ग तेवढा वेगळा. आजी खालून गेली, सुश्रुत वरून.

पुढचा धक्का अमेरिकेतला. १९३० साली फिलाडेल्फियात पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या स्टोक्स आणि पिल्सबरी या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी असं मांडलं, की मन, पोट आणि कातडी यांचा त्रिकोण असतो. काळजीने, उदासीने आतड्यातल्या जंतूंची घडी विस्कटते, आतड्याचं अस्तर झिरपू लागतं आणि त्याचा दाह थेट कातडीवर निघतो. आणि त्यांनी उपाय काय सुचवला? विशिष्ट जिवाणू घालून आंबवलेलं दूध आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल! मी पुस्तक मिटून शांत बसलो. आंबवलेलं दूध आणि एक घाण तेल! आमच्या शाकाहारी आजीने मासा काढून एरंड घातला, एवढाच काय तो फरक. तिला ना फिलाडेल्फिया माहीत, ना फिलाडेल्फियाला ती.

पण खरं सांगू? हा शोध मराठी भाषेने त्याच्याही आधी लावून ठेवला आहे. परीक्षेच्या दिवशी गोळा कुठे येतो? पोटात. शेजाऱ्याने गाडी घेतली की शूळ कुठे उठतो? पोटात. अपराध घालायचे कुठे? पोटात. लेकराची आठवण आली की कालवतं कुठे? पोटात. एवढंच कशाला, 'पोटात एक आणि ओठात एक' म्हणताना आपण बोलतो ते मनाबद्दल, पत्ता देतो तो पोटाचा. आता शास्त्रज्ञ सांगतात, की आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं आहे, आणि मेंदूपासून पोटापर्यंत 'व्हेगस' नावाची एक भटकी मज्जा निरोप पोचवत असते. वरून खाली थोडे निरोप आणि खालून वर पुष्कळ. शरीरातलं सेरोटोनिन, म्हणजे ज्याचा आपल्या मनःस्थितीशी संबंध जोडतात ते रसायन, त्यातलं सुमारे ९० टक्के आतड्यात तयार होतं. मात्र तिथलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही म्हणे. आमच्या घरातही स्वयंपाकघरात ठरलेलं दिवाणखान्यात पोचत नाही, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

चॉकलेटचंही शोधलं. १९६९ साली, त्याच फिलाडेल्फियातल्या मंडळींनी ६५ जणांना महिनाभर रोज भरपूर चॉकलेटची वडी खायला घातली. त्यातले ३५ तर तुरुंगातले कैदी होते. शिक्षा भोगताना चॉकलेट मिळालं, हा त्यांच्या नशिबाचा भाग. तुलनेसाठी चॉकलेट नसलेली दुसरी वडीही दिली. निष्कर्ष निघाला, की चॉकलेटने मुरमं वाढत नाहीत. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्या दुसऱ्या वडीत चॉकलेट नव्हतं खरं, पण साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढाच होता! म्हणजे बासुंदीने पोट बिघडतं का ते बघायला दुसऱ्याला रबडी द्यायची, त्यातला प्रकार. मला एकदम आजीबद्दल आदर वाटला. तिच्या प्रयोगात चूक होती, पण निदान ती उघड होती.

२००२ साली आणखी एक बातमी छापून आली. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १२०० माणसं तपासली, एकाच्याही तोंडावर मुरूम नाही! ही माणसं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खातात. साखर, मैदा जवळजवळ नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुण मुलांवर प्रयोग झाला. ज्यांनी १२ आठवडे साखर-मैद्याचे, रक्तात झटकन साखर चढवणारे पदार्थ कमी केले, त्यांची मुरमं दुसऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. मी सूनबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण बाबा, त्या बेटावर दहावीची परीक्षा असते का?"

प्रश्न चोख होता. कारण २००३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले २२ विद्यार्थी तपासले, एकदा परीक्षेच्या दिवसांत आणि एकदा एरवी. ताण जितका वाढला, तितकी मुरमं बळावली.

शेवटी मी, नात आणि सूनबाई त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी माझी टिपणांची वही बरोबर घेतली होती. बाईंनी ती न उघडता एका कागदावर चित्र काढलं. कातडीखाली तेलाची पिशवी असते. या वयात शरीरातल्या संप्रेरकांनी तिला जोर चढतो. तोंडाशी मेलेल्या पेशींचा बूच बसतो. आत जंतू वाढतात आणि दाह होतो. "एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "हिच्या तोंड न धुण्याने झालेलं नाही, हिच्या काही चुकीनेही नाही."

"आणि पोट?" मी आजीच्या वतीने विचारलं.

"संबंध असावा असं दिसतंय. साखर कमी करा, ताक-दही पचत असेल तर द्या, नुकसान नाही. पण त्याने औषधाचं काम भागत नाही, आणि पोट धुवायच्या पावडरी आधी फेकून द्या." मग त्या नातीकडे वळल्या. "झोप किती होते? शाळेत कुणी काही बोलतं?"

नात मास्कआडून म्हणाली, "नाही."

बाई गप्प राहिल्या. डॉक्टरांचं गप्प राहणं हे मोठं औषध असतं. हल्ली ते मिळत नाही. मिनिटभराने मास्क ओला व्हायला लागला. वर्गातल्या काही मुलांनी तिचं नाव 'खडीक्रशर' ठेवलं होतं. सहा महिने. आणि आम्ही घरात तिचं दूध मोजत होतो.

बाईंनी लावायला मलम दिलं आणि दोन-तीन महिने धीर धरायला सांगितलं. फोडायचं नाही, म्हणजे नाही. शिवाय असंही सांगितलं, की मन फारच खाली गेलं तर त्याचेही डॉक्टर असतात, त्यात लाजायचं काही नाही. सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांची गाठ घेतली. मला त्या नेऊ नका म्हणाल्या. मी आवाज चढवतो, असं त्यांचं मत आहे. कदाचित उष्णतेने असेल.

त्या रात्री मी जुना फोटो काढला. १९७६ चं गॅदरिंग. नातीला दाखवला.

"यात तुम्ही कुठे आहात, आजोबा?"

"ती दाढी दिसते ना, तिच्या मागे."

मग तिला सगळं सांगितलं. नळ, लग्न, टूथपेस्ट, राजपुत्र. टूथपेस्टला ती हसली. राजपुत्राला हसली नाही. "मग नंतर कधी राजपुत्र झालात?" तिने विचारलं.

"नाही. पुढच्या वर्षी अफझलखान मिळाला. मग दाढीची सवयच झाली."

ती बराच वेळ फोटो बघत बसली.

मी घरात फर्मान काढलं. आजीइतका माझा धाक नाही, त्यामुळे ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावं लागलं. चेहरा हा विषय बंद. दूध, चॉकलेट, मोबाइल यांच्यानंतर आमच्या घरात ही चौथी बंदी, पण पाळली गेलेली पहिलीच. सकाळी मी ताक करू लागलो. मिक्सरमध्ये. रवी कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही.

म्हणजे मीही आजीचीच चूक केली. मलम, ताक, फर्मान आणि वर्गशिक्षिका, चार गोष्टी एकदम बदलल्या. कशाने काय झालं, हे फिलाडेल्फियाला आता कधीच कळणार नाही.

जानेवारीत गॅदरिंग झालं. नात गायली. मास्क नव्हता. दिवे तिच्या तोंडावर होते आणि आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. गाल बरेच निवळले होते, पण काही पुटकुळ्या होत्या. मी मोजल्या नाहीत. आमच्या सौभाग्यवतींनी मोजल्या. सात. पण फर्मान असल्यामुळे त्या घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात सगळ्यांबरोबर टेबलाशी बसली. मी वाटी पुढे केली. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"आजोबा, हिंग जास्त झालाय."

माझ्या पोटात जे काही होतं, ते त्या क्षणी साफ झालं.